विकायचं ते दिवसा करा

या वेळचं पत्र सांगलीहून आलं आहे. नाव न छापण्याची विनंती आहे, म्हणून थोडं आटोपशीर करून देते.

“ताई, नमस्कार. माझं वय ४१. सांगलीत माधवनगर रस्त्याला आमचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. मी आणि धाकटा भाऊ मिळून चालवतो. गेट, ग्रिल, जिने, पत्र्याचं शेड अशी कामं. साखर कारखान्यांचा हंगाम जवळ आला की उसाच्या ट्रॉल्यांची दुरुस्ती. वडील लोहारकाम करायचे. कोयते, विळे, कुऱ्हाडी. ते गेले, त्यांची ऐरण दुकानामागं तशीच आहे.

चार वर्षांमागं बेंदराला मुलीनं हट्ट धरला, मातीचा बैल नको, पप्पा, तुम्ही लोखंडाचा करा. भंगारातली चेन, फ्री व्हील, जुने प्लग, बेअरिंगच्या गोळ्या घेऊन एक खिलारी खोंड केला. बघणारा थांबून बघायचा असा झाला. तेव्हापासून नाद लागला. दुकान मिटलं की शटर अर्धं ओढून रात्री अकरा-बारापर्यंत काहीतरी करत बसायचो. कोंबडा, घोरपड, बगळा, नांगर धरलेला माणूस. दिवसभराचा शीण त्यातच जायचा.

यंदा महामार्गावर हॉटेल काढलेल्या एका माणसानं तो खोंड बघितला आणि तसलेच बारा नग सांगितले, दिवाळीच्या आत. गेटपेक्षा थोडा चढा, किलोला १८० रुपये भाव मी सांगितला. एक बैल १४ किलोच्या आसपास भरतो. पाच हजार उचल घेतली. तीन झालेत. एकाला सोळा तास जातात, तेही सगळे रात्रीचे. चौथ्याला हात लावावासा वाटत नाही. दुसरंही काही करावंसं वाटत नाही. कोंबडासुद्धा नको वाटतो.

भाऊ म्हणतो, वेल्डिंगचे रॉड आणि कापायच्या-घासायच्या डिस्क दुकानाच्या जातात आणि सकाळी तू पेंगत कामाला येतोस. ती ऐरण भंगारात घाल, जागा अडते. बायको म्हणते, लोखंडापाशी हसता आणि घरात आलं की गप. मित्र म्हणतात, तुझ्या हातात कला आहे, गेट कसले करतोस, दुकान भावाला देऊन टाक. मला काही सुधरेना. दुकान सोडून हेच करावं, का हे बंद करून गुमान गेट करावेत?”

दादा, दुकान सोडू नका. आणि हे बंदही करू नका. एवढं आधी सांगून टाकते, कारण पत्रावरून दिसतंय की तुम्ही याच दोन टोकांमध्ये येरझाऱ्या घालताय. खरी अडचण त्या बारा बैलांमध्ये आहे.

पहिला खोंड तुम्ही कसा केला असेल ते मला डोळ्यांसमोर दिसतं. भंगाराच्या ढिगात हात घातला, फ्री व्हील हाती आलं, ते वशिंडासारखं दिसलं. चेन मानेवरून खाली सोडली तर गळ्याखालची पोळी लोंबल्यासारखी वाटली. शिंगांना काय लावावं हे ठरेना म्हणून दोन दिवस तसाच ठेवला असेल. प्रत्येक तुकड्यापाशी तुम्ही काहीतरी ठरवत होता. आता हॉटेलवाल्यानं “तसलेच बारा” सांगितले. म्हणजे ठरवायचं काही उरलं नाही. वशिंड ठरलेलं, शिंगं ठरलेली, उंची ठरलेली, तारीखसुद्धा ठरलेली. उरलं ते नुसतं कापणं, टाके मारणं, घासणं. तुम्ही दिवसभर जे करता तेच. फरक एवढाच की दिवसा त्याचे पुरेसे पैसे मिळतात आणि रात्री मिळत नाहीत.

मिळत नाहीत असं मी का म्हणते, तो हिशेब एकदा मांडून बघू. १४ किलोला १८० प्रमाणे २,५२० रुपये होतात. भंगार किलोला ४० धरा, ५६० गेले. रॉड, डिस्क, वीज, रंग मिळून ३०० तरी धरा. हातात राहिले १,६६० आणि गेले सोळा तास. म्हणजे तासाला शंभराच्या आसपास. दुकानात खर्च जाऊन दिवसाला तुम्हाला किती सुटतात ते पत्रात नाही, पण आठ तासांच्या दिवसाला १,५०० धरले तरी तासाला १९० च्या जवळ जातं. तुमच्या हातचं सगळ्यात अवघड काम तुम्ही सगळ्यात स्वस्त विकताय. वर बारा नगांचे १९२ तास. रोज रात्री तीन तास बसलात तरी ६४ रात्री. एवढ्या रात्रींनी कुणाचाही हात जड होईल. तुमचा नाद मेला असं त्यावरून समजू नका. तुम्ही दमला आहात, आणि तोट्यात दमला आहात.

किलोचा भाव हे यातलं मूळ दुखणं आहे. गेटला तो भाव बरोबर बसतो, कारण गेटमध्ये वजन आणि मेहनत बरोबरीनं वाढतात. १२ मिलीचा गोल बार म्हटला की व्यासाचा वर्ग भागिले १६२, मीटरला ८८९ ग्रॅम, हे तुम्ही झोपेतही सांगाल. किती मीटर लागलं ते मोजलं की माल कळतो, कापणी आणि जोडणी किती हे अंदाजानं कळतं. बैलाच्या डोळ्याला लागतात बेअरिंगच्या दोन गोळ्या. त्यांचं वजन किती? पण डोळा कुठं बसवायचा यात तास जातो, आणि तो जरा खाली-वर झाला तर खिलारचा बैल म्हशीसारखा दिसायला लागतो. त्या तासाचा भाव तुमच्या वजनकाट्यावर उमटत नाही. म्हणून इथून पुढं अशी वस्तू विकलीत तर नगावर विका. माल, खर्च, आणि तास गुणिले दुकानाचा तासाचा दर. वरच्या आकड्यांनी ८६० अधिक सोळा तासांचे ३,०४०, म्हणजे ३,९०० ही नुसती बरोबरी झाली. बिघडलेला नग, वाया गेलेला तुकडा, डोक्यातला विचार हे धरून ४,५०० च्या खाली जाऊ नका. कुणी “एवढं वजनात तरी भरतं का” असं विचारलं, तर ते तुमचं गिऱ्हाईक नाही. त्याला चांगलं गेट करून द्या.

आता मुख्य गोष्ट. जे विकायचं ते दिवसा करा, दुकानाच्या वेळात, दुकानाच्या दरानं, दुकानाच्या वहीत मांडून. बैल असला तरी. रात्री जे कराल ते विकायचं नाही. कुणी मागितलं तरी नाही, कितीही दिले तरी नाही. द्यावंसं वाटलं तर फुकट द्या, किंवा घरी ठेवा, किंवा मोडून परत भंगारात टाका आणि त्याच तुकड्यांचं दुसरं करा. एवढी एक रेघ आखलीत की बाकीचं बरंच सुटेल. ती मी थोडी कठोर आखते आहे, हे मला कळतं. पण ऐन हंगामात कुणी जास्तीचे पैसे पुढं केले की नाही म्हणायला आधीच ठरलेलं काहीतरी लागतं. त्या क्षणी विचार करायला बसलात तर पैसेच जिंकतात, आणि त्यात तुमचा दोषही नाही. घरात मुलगी आहे, दुकानाचे हप्ते असतील.

माझे वडील मिरजेत लेथवर काम करायचे. कामाचे शाफ्ट आणि बुश संपले की पितळेच्या उरलेल्या तुकड्यांचे भोवरे करायचे. गल्लीतल्या पोरांना वाटायचे. एका दुकानदारानं शेकड्यानं मागितले होते तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं की तेवढे हवेत तर उद्या सकाळी या, दर लावू, पण मग ते ऑर्डरचे भोवरे असतील. तो माणूस आलाच नाही. मला आज वाटतं, त्यांना ही रेघ कुणी शिकवली नव्हती, दुकानानंच शिकवली असेल.

“दुकान सोड, तुझ्या हातात कला आहे” असं म्हणणाऱ्या मित्रांचा राग धरू नका, पण त्यांच्या सांगण्यावर दुकानही सोडू नका. दुकान आणि कला या एकमेकींच्या वैरिणी आहेत असं ते गृहीत धरतात. तुमच्या शेजारचं मिरज बघा. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार आणि झिलई देणारे कारागीर. १८५० च्या सुमारास शस्त्रांचं काम आटत चाललं होतं, तेव्हा गवयांच्या मोडक्या तंबोऱ्या-सतारी दुरुस्त करता करता फरीदसाहेबांसारखे लोक त्या कामात उतरले. आधी दुरुस्ती, मग नवं वाद्य. आज मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे, २०२४ मध्ये मिळालं. हातोडा खाली ठेवून एका सकाळी कुणी कलावंत झालं नाही. पोटाचं काम करता करता हात दुसरीकडं वळले, पिढ्या लागल्या.

दुसरं उदाहरण लांबचं आहे, पण तुमच्याशी इतकं जुळतं की सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुलियो गोन्झालेझ नावाचा माणूस, १८७६ मध्ये बार्सेलोनात धातुकाम करणाऱ्या घरात जन्मला. बापाच्या कारखान्यात शिकला, पुढं पॅरिसला गेला आणि कित्येक वर्षं दागिने आणि शोभेच्या धातूच्या वस्तू करून पोट भरत राहिला. १९१८ मध्ये रेनॉ मोटारींच्या कारखान्यात तो गॅस वेल्डिंग शिकला. रोजगाराचं काम, तुमच्या ट्रॉलीसारखंच. दहाएक वर्षांनी पिकासोला लोखंडाची शिल्पं करायची होती, तेव्हा जोडणीचं तंत्र त्याला याच गोन्झालेझकडून घ्यावं लागलं. आणि गोन्झालेझची स्वतःची, आज संग्रहालयांत असलेली लोखंडी शिल्पं बहुतेक त्याच्या पन्नाशीनंतरची आहेत. तुम्ही ४१ चे आहात. घाई कसली आहे?

भावाचं म्हणणं मात्र मनावर घ्या. तो कलेच्या विरोधात नाही, तो हिशेबाच्या बाजूनं आहे, आणि हिशेबात तो बरोबर आहे. भागीदारीच्या दुकानातला रॉडचा पुडा दोघांचा असतो. उद्यापासून स्वतःच्या पैशांनी वेगळा पुडा आणा, त्याच्यावर खडूनं खूण करा. डिस्क वेगळ्या. विजेचे महिन्याला ठरावीक पैसे दुकानाच्या वहीत जमा करा. भंगाराचंही बोलून घ्या: वीतभरापेक्षा लहान तुकडा तुमचा, त्याहून मोठा घ्यायचा तर वजन करून पैसे टाकायचे. हे भावानं मागायच्या आधी तुम्ही होऊन सांगा. त्याचा आवाज लगेच खाली येईल, आणि तुम्हालाही रात्री मशीन चालू करताना चोरट्यासारखं वाटणार नाही. ते अर्धं शटर कशासाठी होतं, दादा? मला तर वाटतं, थोडं त्यासाठीही होतं.

शटरचा विषय निघाला म्हणून इथं जरा थांबते. शटर पूर्ण उघडं ठेवा. तुम्ही गेटसाठी वेल्डिंग करता तेव्हा नवा, ओळखीचा माल असतो. भंगार तसं नसतं. गॅल्व्हनाइज्ड पाइप किंवा पत्रा जोडला की जस्ताचा पांढरा धूर निघतो. त्यानं काही तासांनी, म्हणजे नेमकं मध्यरात्री, थंडी वाजून ताप भरतो. दूध-गूळ घेतल्यानं काही होत नाही, धूरच नाकात जाऊ नये हा उपाय. जोडायच्या जागेचा थर आधी घासून काढा, तोही मास्क लावून आणि मोकळ्यावर. चकचकीत क्रोमचे भाग, जुन्या गाड्यांचे बंपर, हँडल, यांचा धूर त्याहून वाईट. ते वेल्डिंगला घेऊच नका, बोल्टनं बसवा. मोटारसायकलचे शॉकअब्सॉर्बर पायांना छान दिसतात, पण आत तेल असतं आणि बऱ्याच शॉकअपमध्ये दाबाखालचा गॅसही. बंद असताना तापवला तर तो फुटतो. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिला आग लावू नका. जुन्या ब्रेक लायनरवर ग्राइंडर चालवू नका, जुन्या मालात ॲस्बेस्टॉस असू शकतं. आणि दिवसभर काम करून डोळे तारवटलेले असताना रात्री अकराला एकट्यानं कटिंग व्हील धरणं, हे तर मला मुळीच पटत नाही. साडेनऊला थांबा. डिस्कचं काम आधी उरका, शेवटचा अर्धा तास नुसती मांडणी करा, फरशीवर तुकडे लावून बघा.

वेळेबद्दल. रोज थोडा वेळ काढा असा सल्ला तुम्हाला पुष्कळ जण देतील. तुमच्या धंद्याला तो बसत नाही. सांगलीतल्या फॅब्रिकेशनवाल्याचं वर्ष उसानं आणि पावसानं ठरतं. जून ते ऑगस्ट बांधकामं मंदावतात, शेडची कामं पावसात उभी राहत नाहीत. भादव्यापासून ट्रॉल्या दारात उभ्या राहायला लागतात आणि कारखान्याचं बॉयलर पेटेपर्यंत दम निघत नाही. मग तुमच्या हौसेचंही वर्ष तसंच असू द्या. पावसाळ्यात आठवड्यातला एक अख्खा दिवस घ्या, दिवसाउजेडी, भावाला सांगून, त्याबदली हंगामातला एक जादा दिवस त्याला द्या. बाकीच्या वर्षात आठवड्याच्या दोन संध्याकाळी, वार ठरवून. आणि भादवा ते दिवाळी पूर्ण बंद. बंद म्हणजे बंद, मनाला लावून न घेता. त्या दिवसांत एक डबा ठेवा. ट्रॉली मोडताना, स्प्रिंग बदलताना एखादा तुकडा डोळ्यांत भरला की डब्यात टाका. एक जाड वही ठेवा, दुपारच्या चहाला तिच्यात पेन्सिलनं काढा. रेघ किती कामाला येते बघा: कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी चित्रकार व्हायला मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर चित्रकला सुटली, पण रेघ सुटली नाही. ते यंत्रांची ड्रॉइंग शिकवायला लागले. १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी उभी केली, तुमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. वही स्वस्त आहे, आणि हंगामातही तिच्यासाठी दहा मिनिटं निघतात.

आता ऐरण. ती भंगारात घालू नका, हे मी तुमच्या भावालाही सांगते. दुकानाला फोर्जिंगचा, म्हणजे लोखंड तापवून ठोकून घडवण्याचा, उपयोग आहे हे कारण त्याला द्या, आणि ते खरंही आहे. पण तुम्हाला मी वेगळं कारण देते. गेली चार वर्षं तुम्ही जोडण्याचं काम केलंत. दिवसाही जोडणं, रात्रीही जोडणं. तेच मशीन, तोच चष्मा, तोच ठिणग्यांचा वास. हात दुसऱ्या कशासाठी तरी आसुसले असतील. पावसाळ्यातल्या त्या एका दिवसात भट्टी पेटवा. जुना भाता मिळाला नाही तर छोटा ब्लोअर चालतो, विटा आणि माती घरचीच. भट्टीजवळ काम करताना लोखंडाकडं बघावं लागतं, आकड्याकडं नाही. एमएसचा, म्हणजे साध्या मऊ पोलादाचा, बार गडद लाल झाला की नवशिका हातोडा मारायला घेतो आणि घाम गाळत बसतो. त्याला नारिंगी-पिवळ्यापर्यंत येऊ द्या, हजार-अकराशे अंशांच्या आसपास, तेव्हा तो हातोड्याचं ऐकतो. लाली उतरली की परत भट्टीत. ट्रकचा कमानपाटा घेतलात तर त्यात कार्बन जास्त असतो. लाली गेल्यावर मारत राहिलात तर तडे जातात. तो पाण्यात विझवू नका, तेलात विझवा, आणि मग घासून पांढरा केलेला भाग हळूहळू तापवत गव्हाच्या काडीसारखा पिवळसर रंग येईपर्यंत थांबा, सव्वादोनशे अंशांच्या जवळ. निळा झाला तर तीनशेकडं गेला, धार मऊ पडणार. तुमच्या वडिलांना हे अंश ठाऊक नसतील, पण सावलीत रंग बघून त्यांनी गावभर कोयते दिले.

पहिल्या वर्षी यातून बघण्यासारखं काही निघणार नाही. वाकडी पानं, तिरके हुक, फुटलेला एखादा विळा. ते फार चांगलं आहे. कुणी ऑर्डर देणार नाही, कुणी फोटो काढणार नाही, तुम्ही परत शिकाऊ व्हाल. तुमच्या बैलांवर चार वर्षांत लोकांच्या नजरा बसल्या आहेत. प्रत्येक बैल करताना आता तुम्ही त्यांच्या नजरेनं बघता. भट्टीवर अजून कुणाची नजर बसलेली नाही. मुलगी मोठी झाली असेल, तिला लांब उभं करून ब्लोअर फिरवायला द्या, डोळ्यांना चष्मा आणि पायात बूट घालून. आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत हात बसला की त्यातलं दुकानात काय आणायचं ते दिसेलच. साध्या ग्रिलमध्ये चार हातघडीची पानं, जिन्याच्या कठड्याला एक वळवलेलं टोक, नगावर वेगळा दर लावून. ते मात्र दिवसा.

वहिनींचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्यांनी पैशाची तक्रार केलेली नाही. रॉडची नाही, वेळेचीही थेट नाही. लोखंडापाशी हसता आणि घरात गप, एवढंच म्हणाल्या. म्हणजे तुमचं हसू त्यांनी बघितलंय. दुकानाच्या दारात येऊन कधीतरी उभ्या राहिल्या असतील, तुमचं लक्ष नसेल. त्यांना समजावून सांगायला जाऊ नका. दोन संध्याकाळी कुठल्या, हे त्यांना ठरवू द्या. बाकीच्या पाच संध्याकाळी साडेआठच्या आत घरी, हे तुम्ही ठरवा आणि पाळा. आणि त्या दोनांतल्या एका संध्याकाळी त्यांना दुकानात यायचं असेल तर एक चांगली खुर्ची ठेवा, मशीनपासून लांब. वेल्डिंगच्या उजेडाकडं बघू नये हे सांगा, मांडणी करताना मात्र विचारा, हा कान इथं बरा दिसतो का तिथं. शेणामातीतल्या खऱ्या बैलांना वैरण घालत मोठ्या झालेल्या बाईला कान कुठं असतो हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

राहिला हॉटेलवाला. शब्द दिलाय, उचल घेतलीय, म्हणून गप्प बसून बारा पुरे करू नका, आणि फोन उचलायचं टाळूही नका. झालेले तीन बैल ठरलेल्या भावातच द्या. ७,५६० होतात, उचल वजा जाता २,५६० तुमचे येणं. त्याला स्वतः जाऊन भेटा आणि असं काहीतरी सांगा: “साहेब, भाव सांगताना माझा अंदाज चुकला, ते माझ्यावर. हे तीन ठरल्या दरात घ्या. दिवाळीच्या आत मी अजून तीन देऊ शकतो, नगाला साडेचार हजारानं, आणि ते एकसारखे नसतील. एक बसलेला, एक मान वळवलेला, एक पळणारा. तुमच्या दारात बारा सारखे उभे करण्यापेक्षा सहा वेगवेगळे जास्त शोभतील. नाही जमलं तर तीनवर थांबू, तुम्हाला दुसरीकडं सांगायला वेळ आहे.” तो कदाचित वेगवेगळ्यांनाच खुश होईल. त्या तीनांचे ४८ तास म्हणजे दुकानाचे सहा दिवस, हेल्पर कापून देत असेल तर कमी. भावाशी बोलून ते सहा दिवस दुकानाचं काम म्हणून घ्या, आलेले पैसे दोघांच्या वहीत. त्यानं नाहीच म्हटलं तर तीन बैल पोचवून बाकी घ्या आणि मोकळे व्हा.

ही भेट गणपती बसायच्या आत उरका. त्यानंतर पहिली ट्रॉली दारात आली की तुम्हाला तिकडं जायला सवड मिळणार नाही, आणि त्यालाही दुसरा माणूस शोधायला दिवस उरणार नाहीत.